जिभेची वही : टार्डिव्ह डिस्कायनेशियाच्या दीड वर्षाच्या नोंदी

९ जानेवारी

सकाळी पुतणीने विचारलं, "आत्या, तू सारखं काय चघळतेस?" माझ्या तोंडात काहीच नव्हतं. तिने मोबाइलवर आदल्या दिवशी काढलेला व्हिडिओ दाखवला. मी टेबलाशी बसून प्रूफं वाचतेय. खालचा जबडा डावीकडे सरकतो, परत जागेवर येतो. ओठांचा चंबू होतो, सुटतो. मग जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर डोकावतं आणि आत जातं. व्हिडिओ ४० सेकंदांचा होता, तेवढ्यात जीभ नऊ वेळा बाहेर आली. यातलं मला एकदाही जाणवलं नव्हतं.

मग मागच्या गोष्टी एकेक करून जुळायला लागल्या. गेलं दीड वर्ष जिभेच्या डाव्या कडेला जखम होते आणि बरी होऊन पुन्हा होते. दाताच्या डॉक्टरांनी एक दाढ टोचते म्हणून घासून दिली होती. ब्रश करताना जीभ मध्ये येते, म्हणून मी ब्रश बदलले होते. फोनवर लोक "काय म्हणालात?" असं जास्त वेळा विचारत होते, तेव्हा मी नेटवर्कला दोष देत होते.

वाचणाऱ्यांना पडताळता यावं म्हणून माझी माहिती. वय ३८. नऊ वर्षांपूर्वी सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटण्याचा, पहिला झटका आला. तेव्हापासून त्यावरचं रिस्पेरिडोन चालू आहे, सुरुवातीला ६ मिलिग्रॅम आणि गेली पाच वर्षं ४. पहिल्या महिन्यात हात थरथरायचे, म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाली. थरथर थांबली, गोळी मात्र कुणी थांबवली नाही. काम मुद्रितशोधनाचं. मोठ्या पुस्तकांना आम्ही दोघी बसतो, एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने प्रूफावर नजर ठेवायची. मोठ्याने वाचायचं काम माझं.

१८ जानेवारी

नाव सापडलं. टार्डिव्ह म्हणजे उशिरा उगवणारी, डिस्कायनेशिया म्हणजे बिघडलेली हालचाल. रिस्पेरिडोनसारख्या मनोविकारांवरच्या औषधांमुळे ती होते. ही औषधं १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनपासून वापरात आली आणि १९५७ मध्येच तोंडाच्या न थांबणाऱ्या हालचालींची नोंद झाली होती. म्हणजे हे दुखणं औषधाइतकंच जुनं, आणि मला औषधाच्या नवव्या वर्षी एका शाळकरी मुलीकडून कळलं. माझ्या तोंडाकडे इतक्या वर्षांत कुणी दिव्याखाली पाहिलं नाही याचा राग आला. त्या रागात मी ठरवलं की गोळी बंद.

आज तिसरा दिवस. ४ वरून २, २ वरून १. परवापासून काहीच घेणार नाही. घरात सांगितलेलं नाही.

२९ जानेवारी

वाईट झालंय. जीभ आता टोकापुरती येत नाही, अर्धी बाहेर येते. पायाची बोटं बुटात वळवळतात. पाठ खुर्चीत मागेपुढे हलते. झोप तीन तास. गोळी बंद केल्यावर दुष्परिणाम कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच.

३ फेब्रुवारी (ही नोंद नंतर लिहिली)

त्या दिवशी मी एका कादंबरीची प्रूफं तपासत होते. पान १४ वर "पाणी" हा शब्द दोनदा पडला होता आणि पान ४१ वर "पाणी" गळला होता. १४ आणि ४१. मला वाटलं, हे कुणीतरी माझ्यासाठी ठेवलंय. संध्याकाळपर्यंत मी चूक असलेल्या प्रत्येक पानाचा आकडा एका कागदावर उतरवून काढला होता आणि त्या आकड्यांमध्ये रेघा ओढत होते. दादा आत आला. त्याने कागद पाहिला आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसला. थोड्या वेळाने विचारलं, "गोळ्या कधीपासून नाहीत?" मी खरं सांगितलं. त्याच रात्री तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

रिस्पेरिडोन परत ४ वर. पहिला आठवडा वाईट गेला, तिसऱ्या आठवड्यात आकडे पुन्हा नुसते आकडे झाले.

या चुकीची किंमत मोजून ठेवते, कारण बहुतेक जण हीच चूक करतात: सात आठवडे, अर्धवट राहून परत गेलेली दोन पुस्तकं, दादाच्या नऊ सुट्ट्या. आणि या सगळ्यात हालचाली तसूभरही बऱ्या झाल्या नाहीत.

असं का झालं ते नंतर डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. या औषधाने हालचाली निर्माण होतात आणि त्याच औषधाने त्या झाकल्याही जातात. डोपामाइन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) पकडणारे रिसेप्टर या औषधाने वर्षानुवर्षं अडवून ठेवले की ते जास्त हळवे होतात असं मानतात. अडसर एकदम काढला की नेहमीएवढं डोपामाइनही त्यांना फार होतं. डोस वाढवला की तोंड काही काळ शांत दिसतं, म्हणून कुणी तोही रस्ता धरतं, पण तेव्हा मूळ दुखणं वाढत राहण्याचा धोका असतो.

२ मार्च

नव्या डॉक्टर. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "बूट-मोजे काढा, आणि तोंडात काही असेल तर टाकून या." मग बिनहाताच्या खुर्चीत बसवलं, हात गुडघ्यांवर, पावलं जमिनीला टेकलेली. नुसतं बसायचं. मग तोंड उघडायचं, जीभ आतच ठेवायची. मग जीभ बाहेर काढायची. मग अंगठ्याने प्रत्येक बोटाला पटापट टेकायचं, आधी एक हात मग दुसरा. हे करत असताना त्या माझ्या हाताकडे बघतच नव्हत्या, तोंडाकडे बघत होत्या. लक्ष हातात गुंतलं की तोंडावरचा ताबा सुटतो आणि खरं काय ते दिसतं. शेवटी हात पुढे करून उभं राहायचं, थोडं चालायचं, वळून परत यायचं. एकूण दहा मिनिटं.

ही १९७६ ची एआयएमएस नावाची मोजपट्टी. चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, धड अशा सात जागा, प्रत्येकीला ० ते ४. माझे १२ आले. जीभ ३, जबडा ३, ओठ २, पाय २, चेहरा आणि हात १-१, धड ०. तो आकडा ऐकून मला रडू आलं, पण बरंही वाटलं. आता निदान हातात धरायला काहीतरी होतं.

मी सगळं सांगितलं, जानेवारीचंही. त्या म्हणाल्या, "गोळी कमी व्हावी असं वाटणं बरोबरच आहे. एकटीने आणि पाच दिवसांत केलंत, ते चुकलं. आपण करू, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही." पुढचं सगळं याच वाक्यावर चाललं.

रक्ततपासणीही झाली. साखर ठीक. प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) मिलिलिटरमागे ८८ नॅनोग्रॅम, म्हणजे असायला हवं त्याच्या तिप्पट-चौपट. रिस्पेरिडोन ते वाढवतं, आणि ते वाढलं की पाळी थांबू शकते. तीन वर्षं माझी पाळी बंद होती आणि मी ते ताणावर ढकललं होतं. पाळी इतकी वर्षं बंद म्हणून हाडांची घनताही मोजायला सांगितली. थोडी कमी निघाली.

७ मार्चपासून : मोजायला शिकताना झालेल्या चुका

डॉक्टरांची भेट दर दीड महिन्याने. मधल्या काळासाठी घरी दर दुसऱ्या रविवारी व्हिडिओ काढायचा ठरवला. पहिले तीन वाया गेले.

पहिल्यात खिडकी पाठीमागे, चेहरा काळा. दुसऱ्यात मी मोबाइल स्वतःच हातात धरला होता, त्यामुळे हात व्यस्त आणि कॅमेरा हलतोय. तिसरा संध्याकाळी काढला आणि तो फार वाईट आला. मी दोन दिवस हबकून होते. मग लक्षात आलं, त्या दिवशी मी दमलेली होते आणि कुणाशी तरी वाद झाला होता. या हालचाली ताणात वाढतात आणि झोपेत पूर्ण थांबतात. म्हणून वेळ पक्की केली: सकाळी साडेआठ, गोळीनंतर एक तास, पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवलेला मोबाइल, समोरून उजेड, तीच खुर्ची. जमिनीवर चिकटपट्टीने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा केल्या. आधी दोन मिनिटं नुसतं बसणं, मग बोटं टेकवणं, मग एक पान मोठ्याने वाचणं.

गुण देताना आणखी मोठी चूक झाली. मी स्वतःच गुण देत होते आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा एक कमी देत होते. दादाला दिलं, तर तोही तसंच करायला लागला, प्रेमापोटी. यावर पुतणीने उपाय काढला. ती व्हिडिओंना तारखेऐवजी अक्षरं देते, क्रम उलटसुलट करते आणि तारखांची चिठ्ठी स्वतःकडे ठेवते. दादा तीन-चार व्हिडिओ एकत्र पाहतो, कोणता कधीचा ते त्याला माहीत नसतं. हे करायला लागल्यापासूनचेच आकडे मी खरे मानते.

१६ मार्च ते २५ मे : आधी दुसरी गोळी

मला वाटलं होतं की सुरुवात रिस्पेरिडोनपासून होईल. डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल आधी काढायला घेतली. ही गोळी थरथर, आखडणं यांवर कामाची आहे. टार्डिव्ह हालचालींवर तिचा उपयोग नाही, उलट त्या वाढू शकतात. इतकी वर्षं मी दिवसातून दोनदा हे दुखणं वाढवणारी गोळी घेत होते, आणि विचारलं असतं तर "साइड इफेक्टसाठीची गोळी" असं मोठ्या भरवशाने सांगितलं असतं. तुमच्या चिठ्ठीवर ती असेल आणि जीभ हलत असेल, तर पुढच्या भेटीत एवढा एकच प्रश्न विचारा: ही आता कशासाठी चालू आहे?

हीसुद्धा एकदम बंद करायची नसते. ४ मिलिग्रॅमवरून ३, २, १, ०. प्रत्येक पायरी अडीच आठवड्यांची. दुसऱ्या पायरीला चार दिवस मळमळ आणि तुटक झोप. थरथर परत आली नाही.

२५ मे ला एआयएमएस १०. दोनच गुण कमी झाले. पण दुसरा फायदा झाला त्याची मी कल्पनाही केली नव्हती. तोंडाचा कोरडेपणा गेला, जिभेची जखम पहिल्यांदाच पूर्ण भरली. आणि स्मरण. एका पुस्तकात नायिकेच्या गावाचं नाव पान ३० वर एक आणि पान २१० वर दुसरं होतं, ते मला सापडलं. अशा चुका सापडणं माझं बंद झालं होतं आणि मी ते वयावर घातलं होतं. या गोळीने लक्षात राहणं कमी होतं, हे पूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मधल्या काळात मी आपल्या मनाने ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट हा नियम मोडला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बंद करायला लावल्या. आठ आठवड्यांत फरक शून्य.

८ जून

टेट्राबेनाझिन सुरू. आधी ईसीजी काढला, कारण याने हृदयाच्या ठोक्याचा एक टप्पा लांबू शकतो. मेंदूतल्या पेशी डोपामाइन पुड्यांत भरून ठेवतात, हे औषध ते भरणं कमी करतं, म्हणजे बाहेर पडणारं डोपामाइनच कमी. याच कुळातली व्हालबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही दोन औषधं २०१७ मध्ये अमेरिकेत खास टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी मंजूर झाली. टेट्राबेनाझिन त्यांच्या आधीचं, दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागणारं. मला तेच मिळण्यासारखं होतं. १२.५ मिलिग्रॅमने सुरुवात, दर आठवड्याला १२.५ वाढ.

डॉक्टरांनी दादालाही आत बोलावलं आणि आम्हा दोघांना बजावलं: या औषधाने मन खचू शकतं, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. "त्यांना स्वतःला कळणार नाही, तुम्ही बघा," असं दादाला सांगितलं.

२९ जून

५० मिलिग्रॅम. आज सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं. जीभ खालच्या दातांमागे पडून होती. तिची कड थोडी थरथरत होती, पाण्यावर वारा फिरावा तशी, पण ती कुठे जात नव्हती. मी बराच वेळ तशीच उभी होते. जबडा दुखायला लागला तेव्हा तोंड मिटलं.

दादाच्या गुणांनी ४.

१९ जुलै

जीभ शांत, पण मी उठत नाही. कामाचं पाकीट दहा दिवस उघडलं नाही. मला वाटत होतं उकाडा आहे, थकवा आहे. दादाने वहीत वेगळं पान केलं होतं, त्यात तो रोज तीन गोष्टी लिहीत होता: मी किती वाजता उठले, जेवताना बोलले का, दिवसात एकदा तरी हसले का. अकरा दिवस तिसऱ्या रकान्यात "नाही". ते पान घेऊन तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

मला विचारलं असतं तर मी डोस कमी करायला नाही म्हटलं असतं. जीभ आत राहते ना, मग बाकीचं चालेल, असं मला मनापासून वाटत होतं. हीच भीतीची गोष्ट होती.

डोस ३७.५, मग २५. दोन आठवड्यांत मी पुन्हा पुतणीला अभ्यासावरून ओरडायला लागले. तोंडाचे गुण ४ वरून ६. ते दोन गुण मी देऊन टाकले.

१० ऑगस्ट : रिस्पेरिडोन, पहिली पायरी

४ वरून ३.५. डॉक्टरांनी कागदावर एक वक्र काढला. आडवा अक्ष डोस, उभा अक्ष किती रिसेप्टर अडले. रेघ सुरुवातीला सरळ वर चढते आणि मग सपाट होत जाते. त्यामुळे वरच्या डोसला अर्धा मिलिग्रॅम कमी केलं तर मेंदूला थोडासाच फरक, खालच्या डोसला तेवढंच कमी केलं तर खूप मोठा. म्हणून खाली जाताना पायऱ्या लहान करत जायच्या. जानेवारीत मी १ वरून ० वर एका रात्रीत गेले होते. त्या वक्रावर ती पायरी म्हणजे कडा होती.

आमचा नियम असा ठरला. प्रत्येक पायरी सहा आठवडे. पहिले तीन आठवडे हालचाली वाढतील, त्याकडे बघून काही ठरवायचं नाही. निकाल चौथ्या आठवड्यानंतर. घरी किंवा कामावर काही मोठं चालू असेल तर पायरी पुढे ढकलायची. आणि झोप सलग तीन रात्री पाच तासांखाली गेली तर त्याच दिवशी फोन.

गोळ्या तोडून डोस साधायचा प्रयत्न पहिल्या आठवड्यातच सोडला. ब्लेडखाली अर्धी गोळी कधी मोठी तर कधी छोटी, आणि चुरा टेबलावर. डॉक्टरांनी द्रवरूप औषध लिहून दिलं, १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, आणि तोंडाने द्यायची सुईशिवायची सिरिंज.

तिथेही सहा दिवस घालवले. चव कडू म्हणून मी ते सकाळच्या चहात घालत होते. सातव्या दिवशी माहितीपत्रक नीट वाचलं: हे द्रव चहात किंवा कोलात मिसळायचं नाही, पाण्यात चालतं. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका शोधणं हे माझं काम आणि स्वतःच्या औषधाचं पत्रक मी वाचलं नव्हतं. आता सिरिंजने सरळ तोंडात, मग तीच सिरिंज पाण्याने भरून पुन्हा एकदा, म्हणजे आत चिकटलेलंही जातं.

२ नोव्हेंबर

२.५ वर. आधीच्या दोन्ही पायऱ्यांना तोंड सारखंच वागलं: पहिल्या दहा दिवसांत दोन-तीन गुण वर, पाचव्या आठवड्यात पूर्वीच्या जागी किंवा एक खाली. ३ वर गेले तेव्हा मधल्या चढाला घाबरून मी रात्री साडेअकराला डॉक्टरांना निरोप पाठवला होता की डोस वाढवू या. त्यांनी सकाळी उत्तर दिलं, "आज कितवा दिवस?" नववा होता. तेव्हापासून भिंतीवर मी दिवसाचा आकडा लिहिते.

रोज सकाळी दहा मिनिटं मोठ्याने वाचते. हा उपचार आहे असा माझा दावा नाही, माझं काम परत मिळवायचं म्हणून करते. अडखळल्यावर पेन्सिलीने समासात टिंब. सप्टेंबरमध्ये एका पानाला १४ ते १८ टिंबं पडत होती, आता ८-९. "ळ" आणि "ल" जवळजवळ आले की जीभ घसरते. "निळसर लाल" हे दोन शब्द मी आठवडाभर वाचले. डावी तर्जनी हनुवटीला हलकेच लावली की जबडा बराच शांत राहतो, हे अपघाताने सापडलं. वाचताना आता बोट तिथेच असतं आणि बघणाऱ्याला वाटतं मी विचारात आहे.

२५ जानेवारी

२ मिलिग्रॅम. मधली पायरी २.२५ ची होती. एआयएमएस ५. प्रोलॅक्टिन ३९. अजून जास्तच, पण निम्म्याहून खाली.

१३ फेब्रुवारी

पाळी आली. तीन वर्षं अकरा महिन्यांनी. मी मैत्रिणीला, जिच्याबरोबर प्रूफं वाचायचे तिला, फोन केला आणि दोघी रडलो.

१९ एप्रिल

१.५. आज एक प्रयोग डॉक्टरांच्या संमतीने पूर्ण झाला. टेट्राबेनाझिन हालचाली दाबतं, मुळाशी जात नाही, असं त्या पहिल्यापासून सांगत होत्या. मग मुळाशी काय चाललंय हे कळायला मार्चच्या शेवटी पाच दिवस ते थांबवलं. मागच्या वर्षी ते सुरू करण्याआधी गुण १० होते. थांबवल्यावर आले ७. म्हणजे वर्षभरात खरी सुधारणा तीन गुणांची, बाकीची गोळीची देणगी. मला आकडा मोठा हवा होता. पण तीन तर तीन, हे माझ्या मेंदूने स्वतः परत घेतलेलं आहे. परत २५ मिलिग्रॅमवर आले आणि चार दिवसांत तोंड पुन्हा शांत.

१२ जून

३१ मे ला १.२५ वर गेले. काल रात्री एका कवितासंग्रहाची प्रूफं बघताना पान ६ वर काना गळलेला दिसला आणि पान ६० वर जास्तीचा काना. माझ्या मनात आलं, "सापडला का बघ, कुठे गेला तो." हे वाक्य कुणी बोललं नाही, मीच मनात म्हटलं. पण ते कुठून येतं हे मला आता ठाऊक आहे. झोपेचं पान काढलं: ५ तास, ४ तास ४०, ४ तास १५.

दादाला उठवलं. सकाळी फोन. आजपासून परत १.५.

वर्षभरापूर्वी मला याची लाज वाटली असती. आज वाटत नाही. मागच्या वेळी आकड्यांच्या रेघा ओढेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं, या वेळी दोन कान्यांवर थांबले.

२८ जून

झोप साडेसहा तास. कविता पुन्हा तपासली. काना दोन्ही ठिकाणी खूण करून दिला, आणखी काही वाटलं नाही.

डॉक्टरांशी बोलणं झालं. १.५ वर निदान वर्षभर थांबायचं. त्याखाली जायचं की नाही हे नंतर ठरवू, जायलाच हवं असं नाही. कमी डोसवर हालचाली आणखी ओसरायला महिने, कधी वर्षं लागतात. काहींच्या पूर्ण जातात, काहींच्या जात नाहीत. मी कुठल्या गटात ते वहीच सांगेल.

१० जुलै

एआयएमएस, डॉक्टरांच्या हाताने: ४. जीभ १, जबडा १, ओठ १, पाय १.

हिशेब, नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी. १८ महिने, डॉक्टरांच्या १६ भेटी, पाच रक्ततपासण्या, तीन ईसीजी, ३४ व्हिडिओ आणि त्यातले ३१ वापरण्याजोगे. माझ्या चुकांमुळे गेलेला वेळ: जानेवारीतली बंदी सात आठवडे, चहा सहा दिवस. ई जीवनसत्त्वामुळे आठ आठवड्यांचे आकडे गढूळ झाले. दादाने आणि पुतणीने दिलेल्या वेळाचा हिशेब मी ठेवला नाही.

आज दुपारी मैत्रिणीबरोबर पुन्हा बसले. मूळ प्रत माझ्या हातात, प्रूफ तिच्या. बोट हनुवटीला. सोळा पानं वाचली, स्वल्पविराम आणि परिच्छेद मोठ्याने सांगत, पूर्वीसारखी. तेराव्या पानावर जीभ दोनदा बाहेर आली. मैत्रीण प्रूफावरची नजर न काढता थांबली, मी वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, तिने पुढे खूण केली. उरलेली बावीस पानं उद्या.